आधी बसायची जागा, मग स्पीकर: नागपूरच्या एका हॉलमधल्या ५.१ च्या नोंदी

८ फेब्रुवारी

सामान घरी आलं: सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा रिसीव्हर, पुढचे दोन स्पीकर, संवादांसाठी मधला सेंटर, मागचे दोन लहान सराउंड आणि खालच्या सुरांसाठी सबवूफर. पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणून ५.१. प्रतापनगरातलं आमचं घर जुनं, विटांचं. हॉल सोळा फूट रुंद, बारा फूट खोल. टीव्ही लांब भिंतीवर आहे, पण मध्यावर नाही; डाव्या भिंतीपासून सात फुटांवर. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. डावीकडे मोठी खिडकी, उन्हाळ्यात तिथेच कूलर बसतो. उजवीकडे भिंतच नाही, हॉल सरळ जेवणाच्या टेबलाकडे उघडतो.

ही मांडणी आधी लिहिण्याचं कारण असं की इंटरनेटवर दिसणाऱ्या आकृत्यांमध्ये खोली चौकोनी असते आणि सोफ्यामागे भरपूर जागा असते. आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये सोफा भिंतीला आणि एक बाजू उघडी. ज्यांचा हॉल असा आहे त्यांच्यासाठी या नोंदी.

९ फेब्रुवारी

पहिली मांडणी. डावा सराउंड खिडकीशेजारी डाव्या भिंतीवर, साडेतीन फूट उंचीवर. उजवीकडे भिंत नाही म्हणून लोखंडी स्टँड घेतला, जोडी ३,२०० रुपयांना. दोन्ही स्पीकर मधल्या माणसाच्या अगदी काटकोनात, म्हणजे ९० अंशांवर आले. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.७७५ शिफारशीत पुढचे स्पीकर मध्यापासून ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांच्या दरम्यान सांगितले आहेत. सराउंड कानाच्या थोडे मागे हवेत हे माहीत होतं, पण सोफा भिंतीला असल्यावर मागे जागा उरतेच कुठे? म्हणून ९० वर चालवून बघायचं ठरवलं.

१५ फेब्रुवारी

आख्खी संध्याकाळ गेली. मागच्या स्पीकरमधून आवाजच येईना. वायर काढल्या, पुन्हा लावल्या, डावा-उजवा बदलून पाहिला. रिसीव्हरचा टेस्ट टोन, म्हणजे स्पीकर तपासायचा आवाज, मात्र पाचही स्पीकरमधून व्यवस्थित येत होता. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं की दोष वायरींत नाही. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट ‘पीसीएम’वर होतं. एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीने रिसीव्हरकडे नेणारी सोय. तिच्यावरून पीसीएम, म्हणजे टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज, फक्त दोन चॅनेलचा जातो. ते ‘बिटस्ट्रीम’ केलं, म्हणजे आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे पाठवला, आणि डॉल्बीचा पाच स्पीकरचा सिग्नल आला. काही टीव्हींवर याच पर्यायाला ‘पास थ्रू’ म्हणतात.

तुमच्याकडे असं झालं तर आधी टेस्ट टोन लावा. तो मागून आला तर पक्कड खाली ठेवा आणि टीव्हीचा मेनू उघडा.

२२ फेब्रुवारी

खरी अडचण आज कळली. बाबांची आरामखुर्ची सोफ्याच्या डाव्या टोकाला असते. गुडघ्यांमुळे त्यांना ती तिथेच सोयीची पडते, शिवाय खिडकीतून फाटकावर लक्ष राहतं. सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल, बाबा म्हणाले, “अगं, कानाशी कोणीतरी सारखं पुटपुटून राहिलं. समोरचं बोलणं समजत नाही.”

टेप घेतली. त्यांच्या कानापासून डावा सराउंड सव्वादोन फुटांवर, उजवा सव्वादहा फुटांवर. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने बाबांना डावा स्पीकर उजव्यापेक्षा सुमारे १३ डेसिबल मोठा ऐकू येत होता. बंद खोलीत भिंतींमुळे प्रत्यक्ष फरक थोडा कमी पडतो, तरी कानाशी पुटपुटण्याइतका तो नक्कीच होता.

रिसीव्हरवर डाव्याची लेव्हल कमी केली. बाबांना बरं वाटलं, पण मधे बसलेल्या आईला डावी बाजू ऐकूच येईना. एकच बटण दोन माणसांसाठी दोन दिशांना फिरवता येत नाही. हे जागेनेच सुटणार.

१ मार्च

उजवा स्टँड रस्त्यातच आहे. जेवणाकडे जाताना प्रत्येकाचा पाय लागतो, झाडताना रोज सरकतो आणि दर वेळी वेगळ्या जागी ठेवला जातो. मोजमाप करून बसवलेला स्पीकर रोज हलत असेल तर त्या मोजमापाला अर्थ राहत नाही. उघड्या बाजूला स्टँड ठेवायचा बेत असलेल्यांनी घरातली ये-जा आधी बघून घ्यावी.

९ मार्च

कूलर बसला. दरवर्षी होळीच्या मागेपुढे बसतो. नवीन वाळा लावला, पाणी भरलं, सुरू केला, आणि खिडकीशेजारच्या डाव्या सराउंडचं काम संपलं. एक तर कूलरच्या घरघरीत त्यातले बारीक आवाज बुडून गेले. दुसरं जास्त काळजीचं: हात लावला तर स्पीकरची जाळी दमट लागली. या स्पीकरचा कोन, म्हणजे आत हलणारा शंकू, कागदी आहे. चार महिने ओल्या हवेच्या झोतात तो ठेवणं मला पटत नाही.

फोनमधल्या ॲपवर कूलर बंद असताना ४० च्या आसपास आकडा होता, मोठ्या स्पीडवर ६० च्या वर गेला. फोनचे आकडे अचूक धरू नयेत, पण आधी आणि नंतर यांतला फरक बघायला ते पुरतात. थोडक्यात, नागपुरात डाव्या-उजव्या भिंतीचा विचार करताना कूलरची खिडकी आधी वजा करा. मी फेब्रुवारीत मांडणी केली म्हणून ती मला दिसली नाही.

१५ मार्च

आज स्पीकरला हात लावला नाही. सोफा हलवला.

इतके दिवस सोफा जागेवर धरून स्पीकर इकडेतिकडे फिरवत होते. आज दादाला बोलावलं आणि दोघांनी मिळून सोफा आणि बाबांची खुर्ची पावणेदोन फूट पुढे घेतली. डोक्यापासून मागची भिंत आता तीन फुटांवर, पुढच्या स्पीकरची ओळ सरळ रेषेत आठ फुटांवर.

तोच सिनेमा, तेच स्पीकर, लेव्हलही तीच. सबवूफरचा घुमारा उतरला. भिंतीजवळ खालच्या पट्टीतले सूर फुगतात आणि सोफा भिंतीला होता तेव्हा आमची डोकी नेमकी तिथेच होती. संवाद सुटे सुटे ऐकू आले, कारण डोक्यामागच्या भिंतीवरून लगेच परतणारा आवाज आता मागे राहिला. पुढचे स्पीकर मध्यापासून चार-चार फुटांवर आहेत. त्यांचा कोन २२ वरून जवळपास २७ अंश झाला, त्यामुळे पडद्यावरचा आवाज रुंद वाटू लागला. एक पैसा खर्च न होता इतका फरक पडला, आणि मागच्या भिंतीवर स्पीकर लावायची वाटही मोकळी झाली.

दादाला आधी पटलं नव्हतं. “काऊन हलवते सोफा? आवाज तर येऊन राहिला ना.” ऐकल्यावर मात्र तो स्वतःच आणखी अर्धा फूट पुढे घेऊ म्हणाला. पण तेवढ्याने पुढची चालायची जागा अडते.

आईची शंका रास्त होती: मागे कचरा साचेल, आणि दिवाळीत पाहुणे बसवायचे कुठे? पावणेदोन फुटांच्या पट्टीत झाडू नीट फिरतो हे तिला करून दाखवलं. पाहुणे आले की सोफा मागे ढकलायचा. फरशीवर रंगाच्या टेपने सोफ्याच्या पायांच्या खुणा केल्या आहेत, म्हणजे पुन्हा जागेवर आणायला मोजायची टेप लागणार नाही.

२२ मार्च

नवा बेत: दोन्ही सराउंड मागच्या भिंतीवर. डावा कूलरच्या झोतातून सुटतो, उजव्याला भिंत मिळते आणि दोन्हीकडे अंतर सारखं येतं.

कोन मोजायला कोनमापक नको. मधल्या माणसाच्या कानाखाली फरशीवर खूण करा. तिथून सरळ बाजूला जितके फूट जाल त्याला ०.१८ ने गुणा. तेवढे फूट मागे गेलात की १०० अंश. ०.३६ ने गुणलं तर ११०, ०.५८ ने गुणलं तर १२०. मी सव्वासहा फूट बाजूला गेले. ब्रॅकेट आणि स्पीकरची खोली धरून त्याचं तोंड कानाच्या २.२ फूट मागे येतं, म्हणजे १०९ अंश. शिफारशीच्या बरोबर आत.

भिंतीला भोक पाडायची घाई केली नाही. रंगाऱ्याची घोडी उसनी आणली, दुसऱ्या बाजूला आमची घरची शिडी. त्यांवर फळी, फळीवर स्पीकर. आठवडाभर असंच ऐकायचं. घरच्यांना त्रास होतो, पण चुकीच्या जागी पडलेलं भोक त्याहून जास्त त्रास देतं.

२७ मार्च

उंचीचे निष्कर्ष. बसलेल्या माणसाचा कान आमच्याकडे सव्वातीन फुटांवर येतो.

साडेतीन फुटांवर: बाबांची तक्रार तशीच. शिवाय सोफ्याची पाठ आणि शेजारी बसलेल्याचं डोकं मधे येतं, त्यामुळे दूरच्या माणसाला आवाज दबलेला मिळतो.

साडेसात फुटांवर: पाऊस छान वाटतो, पण मागून जाणारी गाडीही छतावरून गेल्यासारखी वाटते. कोणालाच आवडलं नाही.

पावणेसहा फुटांवर: हीच ठरली. कानापेक्षा अडीच फूट वर. बाबांच्या खुर्चीतून हिशेब पुन्हा केला. डावा आता तिरक्या रेषेत चार फुटांवर आहे, उजवा पावणेअकरा फुटांवर, फरक सुमारे साडेआठ डेसिबल. तेरावरून साडेआठवर आलो, तेही लेव्हलला हात न लावता. स्पीकर वर गेला की जवळच्या माणसाचं अंतर झपाट्याने वाढतं आणि दूरच्याचं जेमतेम. अरुंद खोलीत उंचीचा खरा उपयोग हाच आहे.

शिवाय तोंड फिरवलं. डावा स्पीकर बाबांकडे न रोखता सोफ्याच्या उजव्या टोकाकडे रोखला, उजवा डाव्या टोकाकडे. वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या तोंडासमोर जास्त असतो आणि बाजूला उतरत जातो. म्हणजे जवळच्या माणसाला डावा मवाळ मिळतो आणि दूरच्याला स्पष्ट. बाबा पूर्ण सिनेमा बसले आणि मधे काही बोलले नाहीत. शेवटी मीच विचारलं. म्हणाले, “मागचे स्पीकर आज बंद होते काय?” चालूच होते. मला हेच हवं होतं: आवाज सगळीकडून यावा, पण स्पीकर कुठे आहे हे सापडू नये.

२९ मार्च

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, वायर आणायला. पहिल्या दुकानात दाखवलेली वायर जाड आणि स्वस्त होती. एक तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघाली, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ती घेतली नाही. दुसरीकडे शुद्ध तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची मिळाली, पंचवीस मीटर, सुमारे १,५०० रुपये. दोन्ही वायरी डाव्या बाजूनेच नेणार आहे, म्हणजे उघड्या बाजूवरून काही लोंबणार नाही. डावी तीस फूट लागते, उजवी त्रेचाळीस. त्रेचाळीस फुटांचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.३५ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरला चालण्यासारखा.

दुकानदाराचा आग्रह होता की दोन्ही वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात, नाहीतर आवाज मागेपुढे होतो. तसं होत नाही. आवाज हवेतून एक फूट यायला जवळपास एक मिलिसेकंद घेतो. वायरीतून विजेला लागणारा वेळ त्यापुढे हिशेबात धरण्याइतकाही नाही. उगाच तेरा फूट वायर गुंडाळून भिंतीमागे कोंबू नका.

५ एप्रिल

भोकं पाडली. मिस्त्रीभाऊ सकाळी आले. उजवीकडचं काम पटकन झालं, डावीकडे भिंत भुरभुरली. “ताई, हे प्लास्टर आतून पोकळ होऊन राहिलं,” म्हणाले. आठ मिलिमीटरच्या भोकाचं बघता बघता बोट जाईल एवढं भगदाड झालं, स्क्रू धरणारी गिट्टी त्यात फिरू लागली. जुन्या घरात पहिलं भोक पाडण्याआधी भिंत ठोकून बघा. बद्द आवाज आला तर दोन इंच बाजूला सरका. आम्ही सरकलो आणि लांब स्क्रू विटेपर्यंत नेला. भगदाड व्हाइट सिमेंटने भरलं. स्पीकर अडीच किलोचा. ब्रॅकेटला लोंबकळून बघितल्यावरच तो चढवला.

वायर भिंतीवरच्या झाकणाच्या पट्टीतून नेली. कूलरच्या प्लगची लाइन वाटेत येते, तिथे स्पीकरची वायर तिला समांतर न नेता काटकोनात ओलांडली.

६ एप्रिल

आवाज येतो, पण मागचं सगळं पोकळ, कुठलंच ठाम नाही. शेवटी वायर तपासली. दोन्ही तारा एकाच रंगाच्या, पारदर्शक वेष्टनाच्या. फक्त एकीवर बारीक छपाई आहे. उजव्या स्पीकरला अधिक-उणे उलटं लागलं होतं.

हे तपासायची सोपी रीत: रिसीव्हर बंद करा, वायर रिसीव्हरकडून काढा आणि त्या टोकाला पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. ज्या तारेला तुम्ही अधिक समजता तिला सेलचा अधिक लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर वायर उलटी. हे पट्टी बंद करायच्या आधी करावं.

१२ एप्रिल

कॅलिब्रेशन, म्हणजे रिसीव्हर माइकवरून ऐकून प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि लेव्हल स्वतः ठरवतो. रात्री अकरानंतर, कूलर बंद, पंखा बंद, फ्रिजचा प्लगसुद्धा काढलेला. एप्रिलच्या रात्री बंद खोलीत घाम गाळावा लागतो, पण कूलर सुरू असताना माइक घरघरच मोजत बसतो. माइक कॅमेऱ्याच्या स्टँडवर, बरोबर कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, गादीमुळे आकडे बिघडतात.

रिसीव्हरने काढलेली अंतरं टेपशी ताडली: तिरक्या रेषेत पुढचे नऊ फूट, सराउंड सात. दोन्ही जुळली. सबवूफरचं मात्र खऱ्यापेक्षा पाच फूट जास्त दाखवलं. ते बदलायचं नाही. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला होणारा उशीर त्यात धरलेला असतो. बदलली ती दुसरी गोष्ट: रिसीव्हरने लहान सराउंडना ‘लार्ज’ ठरवलं होतं, म्हणजे खालचे सूरही त्यांच्याकडेच. ते ‘स्मॉल’ केलं, क्रॉसओव्हर १०० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचे सूर सबवूफरकडे. डावा स्पीकर कोपऱ्याजवळ असल्याने घुमेल अशी भीती होती, पण खालचा भार सबवूफरकडे गेल्यावर ती उरली नाही.

बाबांसाठी सेंटर ३ डेसिबल वाढवला.

१९ एप्रिल

टाळी वाजवली की हॉलमध्ये झणझण ऐकू यायची. गुळगुळीत टाइल आणि समोरासमोर रिकाम्या भिंती. गांधीबागेच्या बाजारातून जाड पडद्याचं कापड आणलं. टीव्ही आणि सोफ्याच्या मधे आईची जुनी मोठी सतरंजी अंथरली. झणझण बरीच गेली. लेव्हल पुन्हा मोजल्या, सराउंड अर्धा डेसिबल वर घ्यावे लागले.

शेजारचा मुलगा येऊन ऐकून गेला. त्याचा सल्ला: छतात दोन स्पीकर लावून ॲटमॉस, म्हणजे वरूनही आवाज, करून टाका. आमच्याकडे छताच्या मधोमध पंखा आहे आणि उन्हाळ्यात तो बंद करणं शक्य नाही. त्याची पाती सतत आवाजाच्या वाटेत फिरत राहतील. ५.१ वरच थांबते.

१० मे

पारा ४४-४५ वर, कूलर दिवसभर सुरू. स्पीकरच्या जाळ्या कोरड्या आहेत. कूलर मोठ्या स्पीडवर असला की सराउंड बुडतात, ते कितीही नीट लावले तरी. उपाय दोन केले. सिनेमाच्या आधी तासभर कूलर जोरात चालवून खोली थंड करायची, मग तो लहान स्पीडवर घ्यायचा. आणि रिसीव्हरच्या दुसऱ्या मेमरीत सराउंड २ डेसिबल, सेंटर १ डेसिबल जास्त ठेवला आहे, फक्त उन्हाळ्यासाठी. सगळंच मोठं केलं तर बाबांना पुन्हा त्रास होतो, म्हणून व्हॉल्यूम तिथेच ठेवला.

खर्च, स्पीकर आणि रिसीव्हर सोडून: ब्रॅकेट १,४००, वायर १,५००, पट्टी आणि स्क्रू ४५०, मिस्त्री ८००, पडदे ३,६००. स्टँडचे ३,२०० वाया. ते विकायला काढले आहेत. पुन्हा करायचं झालं तर पहिल्याच दिवशी सोफा पुढे घेईन, कूलरची खिडकी धरून जागा ठरवेन आणि स्टँड घेणारच नाही.

बाकी राहिलेलं: पावसाळ्यात कूलर उतरला की खिडकी बंद होईल आणि डाव्या बाजूला काच उघडी पडेल. तेव्हा पडदा पूर्ण ओढून आणि अर्धा ओढून, दोन्ही मोजमापं घ्यायची आहेत.